तीन वाटांचं पाणी

आईनं चपला काढून माझ्या हातात दिल्या, साडी पोटरीपर्यंत वर खोचली आणि मिसिसिपीत पाऊल टाकलं. पाणी तिच्या गुडघ्याच्याही खालीच होतं. ओळीनं मांडलेल्या गोट्यांवरून पोरं उड्या मारत पलीकडे जात होती, पण असे गोटे शेवाळलेले असतात हे वाईच्या घाटावर आयुष्य काढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. ती गोट्यांच्या खालच्या अंगानं, वाळूतून, माझ्या मुलीचा हात धरून चालत गेली. मधोमध थांबली, वाकली, ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि परत सोडलं. पलीकडे पोचल्यावर मागे वळून म्हणाली, "एवढीशीच आहे गं! कृष्णाही वर अशीच दिसते."

ही २०१९ च्या सप्टेंबरची सुरुवात. अमेरिकेतली लेबर डेची सुट्टी आणि गणपती त्या वर्षी एकाच सोमवारी आले होते, म्हणून आम्ही शुक्रवारीच मिनेसोटातल्या सेंट पॉलहून, आमच्या घरून, निघून उत्तरेला इटास्का तळ्यावर गेलो होतो. रविवारी रात्रीपर्यंत घरी पोचायचं होतं. मूर्ती आणून ठेवलेली, मखर अर्धं झालेलं. चार तासांचा रस्ता. आधी मक्याची शेतं, मग बर्च आणि पाइनची झाडी, आणि मग झाडांमागे चमकणारं एकेक तळं. आई सुरुवातीला मोजत होती. चाळीसनंतर तिनं नाद सोडला.

"इथं देऊळ नाही का गं?" तिनं विचारलं. देऊळ नाही. एक जाडजूड ओंडका उभा केलेला आहे, त्यावर पिवळ्या अक्षरांत कोरलंय की समुद्रसपाटीपासून १,४७५ फुटांवर इथं मिसिसिपी वाहायला लागते आणि २,५५२ मैल वळणं घेत मेक्सिकोच्या आखाताला मिळते. आईचं माहेर क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. तिथं एका गोमुखातून पाच नद्यांचं पाणी पडतं. त्यातली सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. कृष्णा, वेण्णा, कोयना पूर्वेला वळून बंगालच्या उपसागराची वाट धरतात. हे तिला शाळेच्या आधी देवळात कळलं होतं. म्हणून तिचा पुढचा प्रश्न बरोब्बर होता.

"ही निघालीय कुठल्या दिशेला?"

"उत्तरेला."

"आणि समुद्र?"

"दक्षिणेला."

आईनं पाण्याकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, दिशा ताडून बघितली. खरंच उत्तरेला. मिसिसिपी जन्मल्यावर आधी उत्तरेला जाते, बमिजीपाशी पूर्वेला वळते, तळ्यांमधून वाट काढत मोठा वळसा घेते आणि मग दक्षिणेची होते. इथून निघालेला पाण्याचा थेंब आखातापर्यंत पोचायला नव्वदेक दिवस घेतो असं सांगतात. आईनं बोटं मोजली. "म्हणजे मार्गशीर्षात पोचेल."

मला या राज्यात सोळा-सतरा वर्षं झाली. माझ्या मुलीचा जन्म इथला. मिनेसोटा म्हटलं की इतर राज्यांतली मराठी मंडळी आधी थंडीबद्दल विचारतात, आणि थंडी आहेच. टॉवर नावाच्या गावात २ फेब्रुवारी १९९६ ला उणे ५१ अंश सेल्सियसची नोंद झाली, तो राज्याचा नीचांक. पण मला विचाराल तर हे राज्य पाण्यावरून समजून घ्यावं. डोंगर म्हणावेत असे डोंगर इथं नाहीत. सह्याद्री बघितलेल्या माणसाला ही भूमी सपाटच वाटते. आणि तरी याच सपाटीवर पाणी तीन वाटांनी फुटतं: एक वाट मिसिसिपीतून दक्षिणेला, एक लेक सुपीरियरमधून पूर्वेला अटलांटिककडे, आणि एक थेट उत्तरेला हडसनच्या उपसागरात. हिबिंग गावाजवळ एक उंचवटा आहे, तिथं या तिन्ही पाणलोटांची टोकं एकमेकांना भेटतात. तीन समुद्रांचं पाणी एका टेकाडावरून. पंचगंगेचं देऊळ माहीत असलेल्या माणसाला हे ऐकून स्वस्थ राहवत नाही.

नावातच पाणी आहे. इथले मूळचे डाकोटा लोक या भूमीला 'म्नी सोता माकोचे' म्हणतात. म्नी म्हणजे पाणी, माकोचे म्हणजे भूमी, आणि सोता म्हणजे ढगाळ, धुरकट, आभाळ उतरल्यासारखं. ज्या भूमीतल्या पाण्यात आभाळ दिसतं ती. एका शब्दात एवढं बसतं, कारण तो शब्द तळ्याकाठी राहणाऱ्यांनी घडवला. मिनियापोलिस हे नावही असंच जोडाचं. १८५२ मध्ये एका शाळामास्तरानं डाकोटांचं म्नी आणि ग्रीकांचं पोलिस, म्हणजे नगर, एकत्र केलं. मिनेहाहा धबधबा, मिनेटोंका तळं, जिकडे बघावं तिकडे म्नी. आमच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' लिहिलेलं असतं. दहा एकरांहून मोठी तेवढीच धरली तरी ती ११,८४२ भरतात.

मिसिसिपीचा उगम शोधणाऱ्यांची गोष्ट मी मुलीला कितीदा तरी सांगितली आहे. १८०६ मध्ये झेबुलन पाइक आला, लीच लेकलाच उगम समजला. १८२० मध्ये लुइस कॅस आला, त्याच्या मते दुसरंच एक तळं. त्याला आज कॅस लेकच म्हणतात. १८२३ मध्ये बेल्ट्रामी नावाचा इटालियन एकटाच लाल रेशमी छत्री उघडून कनूत, म्हणजे अरुंद होडीत, बसून हिंडला आणि त्यानं तिसरंच तळं ठरवलं. शेवटी १८३२ मध्ये हेन्री स्कूलक्राफ्ट इटास्कापर्यंत पोचला. पोचला म्हणजे त्याला ओझाविंदिब या वाटाड्यानं नेलं, इथल्याच मूळच्या ओजिब्वे लोकांपैकी एकानं. ओजिब्वे लोकांना हे तळं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, त्यांच्या भाषेत त्याला एल्क हरणाचं तळं म्हणत. स्कूलक्राफ्टनं आपल्या सोबतच्या मिशनऱ्याला 'खरा उगम'ला लॅटिनमध्ये काय म्हणतात ते विचारलं, 'वेरितास कापुत' असं उत्तर आलं, आणि त्यानं पुढची-मागची अक्षरं गाळून मधली तेवढी ठेवली: इटास्का. ऐकायला तो तिथलाच एखादा जुना शब्द वाटतो. मला वाटतं, नदीकाठच्या त्या ओंडक्यावर ओझाविंदिबचं नाव सगळ्यांत वर हवं होतं.

आणखी एक नाव मी आईला तिथल्या भिंतीवर दाखवलं. मेरी गिब्स. १९०३ मध्ये वडील वारले तेव्हा त्यांचं इटास्का उद्यानाचं काम तिच्याकडे आलं, वय चोवीस. त्या काळी लाकूडतोड कंपन्यांनी सगळं उत्तर मिनेसोटा उघडं केलं होतं. ओंडके वाहून न्यायला त्यांनी इटास्काच्या तोंडाशी बांध घातला, पाणी तुंबलं आणि काठचे पाइन वृक्ष पाण्यात उभे राहून मरायला लागले. मेरी बांधावर गेली आणि दारं उघडायला सांगितली. समोरून बंदूक रोखली गेली. ती हटली नाही. चार-एक महिन्यांतच तिनं ते पद सोडलं, पण आज उगमाजवळच्या केंद्राला तिचं नाव आहे आणि शंभर फुटांवर गेलेले ते पाइन अजून तिथं आहेत. आई त्यातल्या एकाला पाठ टेकून बसली होती. म्हणाली, "पोरीनं नदी राखली."

ज्या गोट्यांवरून लोक मिसिसिपी ओलांडतात तेही माणसानं मांडलेले आहेत हे सांगायला हवं. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, सरकारी कामावरच्या तरुणांनी तिथली दलदल हटवली, पात्र नीट केलं, गोटे रचले. मुलीला ऐकून वाईट वाटलं. आईला काही वाटलं नाही. घाट कुणीतरी बांधलेलाच असतो.

परतताना आम्ही लीच लेकच्या बाजूनं आलो आणि माझ्या आयुष्यातली एक फार मोलाची दुपार मला वॉकरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला मिळाली. हातानं लिहिलेली पाटी होती: वाइल्ड राइस. गाडी थांबवली. एका शेडखाली लोखंडी कढईत लाकडावर काहीतरी भाजलं जात होतं आणि वल्ह्यासारख्या लाकडानं एक तरुण ते सारखं हलवत होता. धुराचा, ओल्या गवताचा आणि भाजलेल्या दाण्याचा मिळून एक वास. शेजारी खुर्चीवर त्याची मावशी बसली होती, आईच्याच वयाची.

हा भात शेतात होत नाही. तळ्याच्या उथळ पाण्यात, चिखलात मूळ धरून, आपलं आपण उगवतो. ओजिब्वे भाषेत मनूमिन. फार पूर्वी पूर्वेकडच्या समुद्राकाठून ओजिब्वे लोक पश्चिमेला निघाले तेव्हा, जिथं पाण्यावर अन्न उगवतं तिथं थांबा, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. ते इथं थांबले. ऑगस्टच्या शेवटी दाणा पिकतो. कनूत दोघं बसतात. एक उभा राहून लांब काठीनं कनू ढकलतो, दुसरा बसून दोन हलक्या काठ्या चालवतो: एका काठीनं ताटं वाकवून कनूवर आणायची, दुसरीनं हळूच झोडायचं. पिकलेले दाणे कनूत पडतात, न पिकलेले ताटावरच राहतात, आणि कितीतरी दाणे पाण्यात पडून पुढच्या वर्षीचं बी होतात. काठ्या हलक्या असाव्यात, ताट मोडू नये, असा कायदाच आहे राज्याचा. मग वाळवणं, कढईत भाजणं, टरफल सुटावं म्हणून खळग्यात मऊ पादत्राणं घालून पायांनी मळणं, आणि शेवटी पाखडणं.

पाखडायला बर्चच्या सालीची पाटी होती, उथळ, कडेला शिवलेली. आई त्या पाटीकडेच बघत होती. तिला इंग्रजी जेमतेम येतं. तिनं पाटीकडे बोट केलं, मग स्वतःकडे. मावशींनी मान हलवली आणि दोन ओंजळी दाणे घालून पाटी तिच्या हातात दिली. आईनं वारा कुठून येतोय ते पाहिलं, पाय जरा फाकवले आणि मनगटाला तो झटका दिला जो मी लहानपणापासून पाहत आलेय. टरफल उडून गवतावर गेलं, दाणा परत पाटीत आला. पाच-सहा झटक्यांत दाणे स्वच्छ. मावशी मोठ्यांदा हसल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिला कुणी शिकवलं?" मी आईला विचारलं. "सासूबाईंनी," आई म्हणाली. मावशींना हे सांगितल्यावर त्यांनी दोन पुड्यांच्या पैशात तिसरी दिली.

मंगळवारी ऋषिपंचमी होती. त्या दिवशी आई बैलाच्या कष्टाचं खात नाही. नांगर न लागलेलं तेवढंच. वाईला असं धान्य शोधावं लागतं आणि बाजारातल्या पुडीवर विश्वास टाकावा लागतो. सेंट पॉलच्या स्वयंपाकघरात तिनं मनूमिन शिजत टाकलं तेव्हा ती क्षणभर थांबली. "म्हणजे याला नांगर लागलाच नाही? कधीच?" मी म्हटलं, कधीच नाही. पाणीच त्याचं शेत. हाताने भाजलेलं असल्यामुळे ते वीस मिनिटांत शिजलं. दुकानात मिळतो तो शेतातला काळाभोर प्रकार पाऊण तास घेतो आणि त्याला हा धुराचा वासही नसतो. अळू नव्हतं म्हणून ऋषीची भाजी लाल भोपळा, मक्याचं कणीस, दोडका आणि आमच्या अंगणातल्या माठाची झाली. शेजारी तो करडा-तपकिरी भात. आईनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मनासारखी ऋषिपंचमी झाली, असं तिनं रात्री माझ्या मावशीला फोनवर सांगितलं.

या भातावरचा हक्कही सुखासुखी राहिलेला नाही. १८३७ च्या करारात ओजिब्वेंनी जमीन दिली, पण तिथं शिकार करायचा, मासे धरायचा आणि भात गोळा करायचा हक्क आपल्याकडे ठेवला. पुढं दीडशेहून जास्त वर्षं तो कागदावरच होता. १९९९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं मिल लॅक्सच्या ओजिब्वेंच्या बाजूनं निकाल दिला, तेव्हा कुठं तो कायद्यानं पक्का झाला.

पाण्याची उत्तरेची वाट बघायची तर राज्याच्या पश्चिम कडेला ब्राउन्स व्हॅलीला जावं. दोन तळ्यांच्या मधलं एवढंसं गाव. उत्तरेकडच्या ट्रॅव्हर्स तळ्याचं पाणी हडसनच्या उपसागराला जातं, दक्षिणेकडच्या बिग स्टोन तळ्याचं मेक्सिकोच्या आखाताला. मध्ये घाट नाही, खिंड नाही; गाडी चालवताना कळतही नाही. हिमयुग संपताना इथं बर्फ वितळून एक अफाट सरोवर झालं होतं, आजची पाचही ग्रेट लेक्स एकत्र केली तरी त्याहून मोठं. अ‍ॅगॅसिझ असं नाव त्याला नंतर मिळालं. ते याच जागेवरून फुटलं आणि त्याच्या लोंढ्यानं मिनेसोटा नदीचं खोरं कोरलं. म्हणून आजची मिनेसोटा नदी तिच्या खोऱ्यात हरवल्यासारखी दिसते, थोरल्या बहिणीचा परकर घातलेल्या पोरीसारखी. आणि त्या आटलेल्या सरोवराचा तळ म्हणजे रेड रिव्हरचं खोरं: काळी, गुळगुळीत, ताटासारखी जमीन, गहू आणि शुगर बीटची. रेड रिव्हर उत्तरेला वाहते यातच तिच्या पुरांचं कारण आहे. वसंतात दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो, पाणी खाली निघतं, आणि पुढं उत्तरेला नदी अजून गोठलेलीच असते. पाणी जाणार कुठं? १९९७ च्या एप्रिलमध्ये ग्रँड फोर्क्स आणि ईस्ट ग्रँड फोर्क्स ही जोडशहरं अशीच बुडाली.

मिनेसोटाच्या डोक्यावर नकाशात जो एक खुंट वर आलाय, तोही नदीचा उगम माहीत नसल्यामुळे. अमेरिका आणि ब्रिटनच्या १७८३ च्या तहात लिहिलं होतं की लेक ऑफ द वुड्सच्या वायव्य टोकापासून सीमा सरळ पश्चिमेला मिसिसिपीपर्यंत जावी. मिसिसिपी तिथं नव्हतीच. तिचा उगम कितीतरी दक्षिणेला. पुढं चूक निस्तरताना तो तुकडा अमेरिकेकडेच राहिला आणि आज तिथं रस्त्यानं जायचं तर कॅनडातून जावं लागतं.

पूर्वेची वाट माझी सगळ्यांत लाडकी. डुलुथहून लेक सुपीरियरच्या काठाकाठानं उत्तरेला निघालं की रस्त्याच्या एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला काळा कातळ. पहिल्यांदा गेले तेव्हा मी गाडी थांबवायला लावली आणि कातळाला हात लावला. तो बेसाल्ट होता. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा ११० कोटी वर्षांचा. तेव्हा हे खंड मधोमध फाटायला लागलं होतं, भेगेतून लाव्हा थरावर थर येत राहिला, आणि मग फाटणं थांबलं. ती खचलेली जागा पुढं हिमनद्यांनी खरवडली आणि तिच्यात सुपीरियर भरलं. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या बुडबुड्यांच्या पोकळ्या दोन्हीकडे तशाच राहिल्या. आपल्याकडे त्यांत स्फटिक आणि अकीक सापडतात, इथंही सापडतात. इथला अकीक लोहामुळे तांबडा, पट्ट्यापट्ट्यांचा. १९६९ पासून तो राज्याचं रत्न आहे. माझी मुलगी गोट्यांच्या किनाऱ्यावर तासन्‌तास वाकून ते शोधते. वाईच्या घरात माझ्या वडिलांनी भोरच्या डोंगरातून आणलेली गारगोटी होती, ती आता तिच्या खिडकीत त्या तांबड्या दगडांशेजारी आहे.

सुपीरियरला तळं म्हणणं मला जमत नाही. ८२ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून मोठं. जगातल्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्याचा दहावा भाग एवढ्यात. मेसाबी रेंजमधलं लोखंड याच पाण्यावरून पोलादाच्या कारखान्यांना गेलं. १८९० मध्ये तिथं खनिज सापडलं आणि फिनलंड, स्लोव्हेनिया, इटली कुठून कुठून माणसं फावडी घेऊन आली. हिबिंग गावाखालीच खनिज निघालं, तेव्हा १९१९ नंतर घरं ओंडक्यांवर चढवून ओढत दक्षिणेला नेली. खाण अजून चालू आहे, कडेला उभं राहिलं तर समोरचा ट्रक मुंगीएवढा. १० नोव्हेंबर १९७५ ला एडमंड फिट्झगेराल्ड हे खनिजाचं जहाज वादळात सुपीरियरमध्ये बुडालं, २९ खलाशी गेले. दर वर्षी त्या तारखेला स्प्लिट रॉक दीपगृहात एकेक नाव वाचतात, प्रत्येक नावाला घंटेचा एक टोल देतात, आणि मग अंधार पडताना दिवा लावतात. मी एकदा गेले होते. वाऱ्यात नावं नीट ऐकू येत नव्हती, पण टोल येत होते. मी मोजत होते. तीस झाले. शेवटचा टोल या पाण्यांवर गेलेल्या सगळ्यांसाठी.

आता शहराकडे. मिसिसिपीवरचा एकमेव मोठा धबधबा मिनियापोलिसमध्ये आहे आणि त्या धबधब्यावर गव्हाच्या गिरण्या चालल्या. १८८० ते १९३० ही पन्नास वर्षं जगात सर्वांत जास्त पीठ इथं दळलं जात होतं. इथला वसंतातला गहू कडक. दळला की कोंडा बारीक होऊन पिठात मिसळायचा आणि पीठ काळपट पडायचं. १८७० च्या सुमारास इथल्या गिरणीत रवा चाळणीवर हलवत खालून हवा मारायची सोय केली, कोंडा उडून गेला, आणि उरलेला स्वच्छ रवा पुन्हा दळून पांढरंशुभ्र पीठ निघालं. म्हणजे पाखडणंच, यंत्रानं. पिठाचा धुरळा किती धोक्याचा असतो ते मात्र २ मे १८७८ ला कळलं. वॉशबर्न 'ए' गिरणीचा स्फोट झाला, अठरा कामगार गेले. त्या जागी पुन्हा गिरणी उभी राहिली, तीही १९९१ मध्ये जळाली, आणि तिच्या पडक्या भिंतींच्या आत आज संग्रहालय आहे. चार्ल्स पिल्सबरीनं १८६९ मध्ये इथंच धंदा सुरू केला. वाईच्या दुकानात पिल्सबरीच्या आट्याची पिशवी आई वर्षानुवर्षं बघत आलीय, त्या नावाची जुनी दगडी गिरणी नदीपलीकडे बघून ती म्हणाली, "हे इथले होय!"

गव्हाचा आणखी एक धागा माझ्या घरापासून दोन मैलांवर आहे. विद्यापीठाच्या सेंट पॉल आवारात बोरलॉग हॉल आहे. हरितक्रांतीचा जनक नॉर्मन बोरलॉग १९३३ मध्ये आयोवातून इथं आला आणि प्रवेश परीक्षेत नापास झाला. वेगळ्या दारानं त्याला आत घेतलं. एल्विन स्टॅकमन यांचं तांबेऱ्यावरचं व्याख्यान ऐकलं आणि तो गव्हाच्या रोगांकडे वळला. १९४२ मध्ये इथून डॉक्टरेट, मग मेक्सिको, मग १९६६ मध्ये भारतानं मागवलेलं अठरा हजार टन मेक्सिकन गव्हाचं बी. आईच्या लहानपणी घरात रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, होता. त्या इमारतीसमोर ती बराच वेळ उभी होती, हात जोडून नव्हे, पण जोडल्यासारखीच.

एका जागी मात्र मी आईला नेलं तेव्हा आम्ही दोघी गप्प होतो. विमानतळाच्या जवळ मिनेसोटा नदी मिसिसिपीला मिळते. डाकोटा लोक या संगमाला ब्दोते म्हणतात. इथंच आपली माणसं जन्मली असं ते मानतात. १८५१ च्या करारांत त्यांची अडीच कोटी एकरांच्या आसपास जमीन गेली. नदीकाठची एक पट्टी उरली. १८६२ मध्ये पीक बुडालं, कराराचे पैसे वेळेवर आले नाहीत, व्यापाऱ्यांनी उधार बंद केलं, आणि ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. सहा आठवड्यांत शेकडो वसाहतवाले आणि डाकोटा मारले गेले. लष्करी न्यायालयानं ३०३ जणांना फाशी सुनावली. काही खटले काही मिनिटांत उरकले होते. लिंकननं यादी तपासून बहुतेकांची फाशी रोखली. २६ डिसेंबर १८६२ ला मँकेटो गावात ३८ डाकोटांना एकाच वेळी फाशी दिलं. या देशाच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी सामूहिक फाशी. आणि त्याच हिवाळ्यात सुमारे सोळाशे बायका, मुलं, म्हातारी माणसं फोर्ट स्नेलिंग किल्ल्याच्या पायथ्याशी कुंपणात कोंडली गेली. ती जागा म्हणजे हा संगम. त्यांच्या उगमावरच. गोवर आणि थंडीनं शेकड्यानं माणसं गेली, उरलेल्यांना बोटीत भरून राज्याबाहेर काढलं.

संगमावर आपण काय करतो ते आईला माहीत होतं. तिनं पर्समधून सुपारी काढली, मग परत ठेवली. "यांचं काय असतं गं इथं?" तिनं विचारलं. काठावरच्या फांद्यांना कापडाच्या लहान लहान पुरचुंड्या बांधलेल्या होत्या, लाल, पिवळ्या, काळ्या, पांढऱ्या; आत तंबाखू असतो, प्रार्थनेचा. आईनं त्यांना हात लावला नाही. खाली बसून ती पाणी पाण्यात मिसळताना पाहत राहिली. मिनेसोटा नदी गढूळ, मिसिसिपी काळसर. बरंच अंतर त्या शेजारी शेजारी वाहतात.

आई ऑक्टोबरअखेर परत गेली, आणि मग करोना आला, नंतर तिचे गुडघे. ती पुन्हा आली नाही. आता आमचा फोन पाण्यावरच सुरू होतो. मी विचारते, "धोम धरणाचं पाणी सोडलं का?" ती विचारते, "तळं गोठलं का?" डिसेंबरात सांगते, गोठलं, चार इंच झालं, लोक चालायला लागले. जानेवारीत सांगते, बर्फावर मासेमारीच्या खोपट्या लागल्या, रात्री तळं गुरगुरतंय. गुरगुरतं म्हणजे खरंच. कडक थंडीत बर्फ ताणला जातो आणि खालून लांबवर धरणाचं दार सरकवल्यासारखा आवाज येतो. आणि एप्रिलमध्ये सगळं राज्य एकाच बातमीची वाट बघतं: कुठल्या तळ्याचा बर्फ कधी गेला. कितीतरी तळ्यांच्या तारखा गेल्या शंभर वर्षांच्या लिहून ठेवलेल्या आहेत.

या एप्रिलमध्ये एका सकाळी मी कोमो तळ्यावर होते. शेवटच्या दिवसांत बर्फ आतून उभा उभा सुटतो, बोटभर जाडीच्या काचेच्या कांड्या होतात, आणि वारा आला की त्या काठाशी ढकलल्या जाऊन एकमेकींवर आपटतात. मी फोन लावला. वाईला रात्र होती. मी काही न बोलता फोन पाण्याजवळ धरला.

बराच वेळ ती ऐकत होती. मग म्हणाली, "कासार आलाय का गं? कुणीतरी बांगड्या भरतंय."